पढवलेली नावं

दुओपच्या खालच्या ओठाला मधोमध एक चीर होती. ऊन चढलं की ती उघडायची, रात्री मिटायची. पुरती भरून मात्र कधी आली नाही. न्यालाम रोज सकाळी तिला बोटाने चरबी लावायची.

"आली बघा, शेपूट घेऊन आली!" नळापाशी बायका हसायच्या. "अगं, लग्नात तरी याला मागे ठेवशील का?"

"नवऱ्यालाच मागे ठेवीन," ती म्हणायची.

न्यालाम चौदा वर्षांची. तिचा बाप गातकेक आणि दोन्ही भाऊ गावातच मारले गेले. एकटी पळताना नदीकाठच्या लव्हाळ्यात तिला हे पोर सापडलं, तीनेक वर्षांचं, स्वतःचं नावही न सांगणारं. सरहद्दीपलीकडच्या छावणीत बिननात्याची मुलं वेगळी काढतात, असं वाटेत कानावर आलं. आम्हा नुएर लोकांत माणसाची ओळख पूर्वजांच्या नावांवरून पटते. म्हणून चालता चालता तिने आपल्या घराण्याची नावं त्याच्याकडून घोकून घेतली. त्याची आई आली तर खरं सांगायचं, हेही तेव्हाच ठरवलं. त्या गोष्टीला दोन पावसाळे झाले. पुढे पुढे कुणी मुलं शोधत आलं की ती त्याला झोपडीतच बसवून ठेवायची.

आज न्यारुओत नावाची बाई थेट झोपडीत शिरली. तिने दुओपचे कान चाचपले, टाचा उलटून पाहिल्या. "हा माझा बिएल. लव्हाळ्यात बसवून मी धाकटीला आणायला मागे गेले होते."

गलका ऐकून लोक जमले. छावणीतले तंटे सोडवणारा म्हातारा कुएथ त्या बाईला म्हणाला, "नुसत्या रूपावर जाऊ नकोस, पोरी. पोरं बदलतात. सांग रे, कुणाचा तू?"

दुओपने छाती पुढे काढली. "मी दुओप. माझा बाप गातकेक. त्याचा बाप तुत. त्याचा बाप बिदोंग. त्याचा बाप थिजोक..." एकही नाव अडखळलं नाही. जमलेले लोक खूश झाले.

न्यारुओतने त्याला सोडलं. "यातलं एकही आमचं नाही. माझेच डोळे फिरलेत, बाबा. प्रत्येक पोरात मला तोच दिसतो." तिने गाठोडं डोक्यावर घेतलं.

"वाचलं हो तुझं शेपूट," कुणीतरी न्यालामच्या कानाशी पुटपुटलं.

दुओप शाबासकीसाठी तिच्याकडे बघत होता. गातकेकला बाप म्हणणारा दुसरा मुलगा आता जगात नव्हता. बाई कुंपणापर्यंत पोचली.

"माय, थांब," न्यालाम म्हणाली. "ती नावं माझ्या घरची आहेत, मीच पढवली. हा मला लव्हाळ्यात सापडला. तुझाच आहे. घेऊन जा."