दाव्याची खूण

“हात ढिला सोड, गोपिका. लाकडावानी काहून धरलास?” झुंबरबाई कासारीण म्हणाली.

“धरला न्हाई, मावशी. त्या तापापासून असाच हाये.”

ओट्यावर रायभान अंबाडीचं दावं वळत बसला होता. बायकोचा डावा हात कासारणीच्या मांडीवर दिसताच त्याने मान खाली घातली. मनगटाच्या चार बोटं वर काळपट वळ होता.

गेल्या कार्तिकात गोपिकाला हुडहुडी भरून ताप आला. तिसऱ्या दिवशी ती बरळू लागली, नवऱ्यालाच “तू कोन?” विचारू लागली, अंगाला झटके येऊ लागले. बैलाने एक दिवस वैरण टाकली तर अंबडच्या गुरांच्या दवाखान्यापर्यंत पायपीट करणारा हा शहाणा माणूस! बायकोला मात्र बाहेरची बाधा झाली असं त्याने स्वतःच ठरवलं, बैलाच्या दाव्याने तिला खांबाला बांधलं आणि मिरच्यांची धुरी दिली. देवऋषी आला तो नंतर. अखेर टेंभुर्णीहून तिचा भाऊ आला आणि बहिणीला गाडीत घालून त्याने जालन्याचा सरकारी दवाखाना गाठला. तेव्हा कुठे तिला हिवतापावरची कोयनेलची सुई मिळाली.

“मच्छर का बुखार है, दिमाग में चढ गया,” डॉक्टर म्हणाले. मग हातावरचा वळ पाहून त्यांनी विचारलं, “किसने बांधा इसको?”

“देवऋष्यानं, साब,” रायभान चटकन बोलून गेला.

त्याच वेळी गोपिकाचे डोळे किंचित उघडले होते. तिने ऐकलं का, हे विचारायची त्याची आजवर छाती झाली नव्हती. लाजेने तो तिच्यासमोर जेवायलाही बसत नसे.

“आन् ही खून कशाची गं?” झुंबरबाईने वळावर बोट ठेवलं.

रायभानच्या हातातला पीळ सुटला.

“बैलाच्या दाव्यात हात गुतल्ता,” गोपिका म्हणाली. “उगंच त्या देवऋष्याचं नाव घेतलं. त्याचा काई दोष न्हाई.”

म्हणजे तिने ऐकलं होतं. ते ऐकूनही इतके महिने ती त्याला भाकरी वाढून ठेवत होती. रायभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“गुतला न्हाई, झुंबरबाई,” तो कसाबसा म्हणाला. “म्या बांधल्ता.”

कासारणीच्या चिमटीतली बांगडी तशीच राहिली. गोपिकाने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

“भर मावशी,” ती म्हणाली. “दोन जास्तीच्या भर.”

बांगड्या भरून झाल्यावर ती उठली. तिचा डावा हात तसाच ताठ खाली आला, हिरव्या बांगड्या मनगटावर घसरल्या आणि वळ पुन्हा उघडा पडला.