रन म्हणजे काय, हे गिरणीला विचारा

मित्रांनो, डोणगावात तुम्ही ज्वारीची भाकर खाल्ली असेल, तर ती बहुतेक माझ्याच पिठाची. मी इथली जुनी पिठाची गिरणी. फुशारकी म्हणा हवं तर, पण माझ्या पिठाची भाकर थापताना चिरत नाही.

मधे घरोघरी घरघंट्या, म्हणजे विजेवरच्या छोट्या गिरण्या आल्या आणि माझ्यापुढची रांग आटली. मालकाने मला भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा गावातल्याच चांगुणाबाईने मला विकत घेतलं. तिचा एक पाय लहानपणापासून अधू, पण माझे झिजलेले दगड छिन्नीने टाकून खरखरीत तिनेच केले. मोटारीला नवा स्टार्टर बसवला आणि रांग पुन्हा लागली.

एका संध्याकाळी तिची पाचवीतली लेक महामाया पोत्याला टेकून रडत होती.

"काऊन रडून राह्यली व?" चांगुणाबाईने विचारलं.

"मॅडमनं 'रन' शब्द देल्ला. रन म्हंजे पयनं. उद्या उभं राहून मायवर वाक्य सांगा लागते. मी काय सांगू? माही माय पयू शकत नाई म्हनू?"

चांगुणाबाईचा पिठातला हात थांबला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

"खरं हाय ते सांग," ती म्हणाली आणि तिने मला सुरू केलं. स्टार्टरवरचा हिरवा दिवा लागला. पोरीने त्याखालची अक्षरं वाचली. "आर, यू, एन... माय, हे तं रनच! पन गिरनी कुठी पयते?"

"पयत नाई, चालते. दिवा लागला का चालू झाली समजाचं."

"अन् चालवते कोन?"

"मीच. अजून कोन?"

पोरीने डोळे पुसले आणि वही उघडली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून थेट माझ्याकडे आली. माझ्या आवाजात तिचं बोलणं ऐकू येईना. चांगुणाबाईने भर दळणात मला बंद केलं. असं मला कधीच कोणी थांबवलं नव्हतं, पण राग आला नाही.

"आता म्हन."

"माय मदर रन्स अ फ्लोअर मिल! पोट्टे हासले, पन मॅडमनं साऱ्याइले ते वहीत लिहाले लावलं!"

रांगेतल्या रुखमाबाईने विचारलं, "काय म्हनून राह्यली व पोट्टी?"

"म्हन्ते, माही माय पयते!" चांगुणाबाई हसत सुटली आणि तिने मला पुन्हा सुरू केलं.

मित्रांनो, नवा शब्द शिकलात की नुसता घोकू नका. आपल्या माणसांना तो लावून पाहा.