चौतीस घरांची ओळ

जीनतला लोकांना घाबरवायचं नव्हतं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

जळगावात ती संगणकाचे क्लास घ्यायची. दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या देवपुरातल्या एका अंध अभ्यास केंद्रासाठी तिने एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. नाव ठेवलं ‘रेघ’. काळ्या पडद्यावर ‘रेघ’ लिहायचं, एका ओळीत ब्रेलची किती घरं, म्हणजे ठिपक्यांच्या अक्षरांच्या किती जागा, मावतात तो आकडा लिहायचा, धड्याचं नाव लिहायचं, की प्रोग्राम मजकूर तेवढ्या घरांच्या ओळींत मोडून मशीनकडे पाठवणार. मशीन मग जाड कागदावर ठिपके ठोकणार. केंद्राचं मशीन कुणीतरी देणगी दिलेलं, जुनाट. त्याच्या ओळीत चौतीसच घरं.

या असल्या पडद्यांचा तिला राग होता. एवढंसं चुकलं की इंग्रजीत चार ओळी अंगावर फेकतात, माणूस हात मागे घेतो आणि पुन्हा म्हणून शिवत नाही. म्हणून तिने हुकूम मराठीत ठेवला. आणखी एक शहाणपण केलं: दिलेला आकडा कळला नाही तर प्रोग्रामने तक्रार करायची नाही, मुकाट्याने चाळीस धरायचे आणि काम पुढे चालू ठेवायचं. चाळीस का, तर मोठ्या मशीनांत तेवढी असतात. या शहाणपणाचं तिला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. अब्बांना, म्हणजे मुख्तार बाइंडरना, तिने ते जेवताना समजावूनही सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “बेटा, कामगाराला कळलं नाही तर त्याने विचारायला हवं ना?” तिने हसून विषय बदलला होता.

मेच्या त्या मंगळवारी ती धुळ्याला आली ती किरकोळ कामासाठी. केंद्रात नवा संगणक आला होता, त्याच्यावर ‘रेघ’ चढवून द्यायची होती. दुपारचे तीन वाजले होते, पायरी तव्यासारखी तापलेली, आणि तरीही त्या पायरीवर एक मुलगी बसली होती. शेजारी तिचा बाप उभा. डोक्याला टापराचं फडकं, हातात कापडी पिशवी, पायाशी पत्र्याची पेटी.

“आत बसा ना बाबा, केवढं ऊन आहे,” जीनत म्हणाली.

“नई मॅडम. आते जानंच शे,” बाप म्हणाला. मुलगी दोन्ही हात ओच्यात घेऊन बसली होती.

आत ईश्वर सर कपाळाला हात लावून बसले होते. केंद्र त्यांचंच. डोळस माणूस, ब्रेलचे ठिपके स्वतःला वाचता न येणारा, मनाने चांगला, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

“मोनाली,” ते म्हणाले. “चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. दृष्टी जाऊन तीन वर्षं झाली. ब्रेल दिवाळीत शिकली. जळगावच्या एका संस्थेत ब्रेल पुस्तकांचे प्रूफ वाचायला माणूस हवाय, गुरुवारी परीक्षा. कागदावर बोट ठेवणारी ही एकटीच हो माझ्याकडे, बाकीचे सगळे मोबाइलवर ऐकून अभ्यास करतात. हिचंच नाव देणार होतो. पण ताई, ती खोटं वाचते.”

“खोटं म्हणजे?”

“मी समोर छापील पुस्तक धरून बसतो, ती ब्रेल वाचते. दर दोन ओळींनी एक शब्द पदरचा! पहिल्या महिन्यात म्हणायची, सर, वाक्य तुटतं. मी म्हटलं, निंदणी-खुरपणीचे हात तुझे, बोट अजून तयार नाही, ओळीच्या शेवटी घसरतं. मग तक्रार बंद झाली आणि हे सुरू झालं. प्रूफ वाचणाराच मनाने शब्द घालायला लागला तर कसं व्हायचं? पाचच्या आत यादी पाठवायचीय. सकाळी तिचं नाव खोडलं. बापाला बोलावून सांगितलं, घरी न्या. पोरगी रडलीही नाही. म्हणाली, मना डोकामाच काही बिघडेल व्हई.”

जीनतला वाईट वाटलं, जसं दुसऱ्याच्या दुःखाचं वाटतं तेवढंच. मग ती पलीकडच्या खोलीत कामाला गेली.

तिथे भिकन नाना बसले होते. तलाठी कार्यालयात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आधी हे धडे काढायचं काम रेशमा करायची. जीनतनेच तिला शिकवलं होतं. दिवाळीत तिचं लग्न झालं, ती वरणगावला गेली आणि खुर्चीवर नाना आले. पगार न घेता. बोटं टणाटण चालायची त्यांची.

“नाना, एक धडा काढून दाखवा. नव्या संगणकावर चालतंय का बघू.”

नानांनी चष्मा नाकावर ढकलला आणि लिहिलं: रेघ ३४ धडा-अकरा.

मशीन ठोकायला लागलं. जीनत पडद्याकडे बघत राहिली. मग तिने पडद्यावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“नाना, आकडा तुम्ही मराठीत लिहिता?”

“मग? हुकूम मराठी, धडा मराठी, आकडा काय इंग्रजी लिहू? सातबारा कधी इंग्रजी आकड्यात पाहिला का तुम्ही?” नाना हसले. “झकास चालतं. कधी कुरकुर केली नाही त्याने.”

कशी करणार? कुरकुर करायचीच नाही असं त्याला तिनेच बजावलं होतं. मराठी आकडे त्याला कळतच नव्हते. तिने लिहितानाच ते ध्यानात घेतलं नव्हतं. रेशमा इंग्रजी 34 लिहायची, कारण जीनतने बोटाने तीच बटणं दाखवली होती. नाना आल्यापासून प्रोग्राम रोज चाळीस धरत होता, ओळी चाळीस घरांच्या करत होता, आणि मशीनचं डोकं चौतीसच्या पुढे जातच नव्हतं. उरलेली सहा घरं मशीन सोडून देत होतं. ना कागदावर, ना कुठे.

तिने मशीनमधून नुकताच निघालेला तो कागद उचलला. ठिपके तिला डोळ्यांनी वाचता यायचे, सावकाश. पडद्यावर ओळ होती: ‘शंका आली तर शब्द आपल्या मनाने बदलू नये’. कागदावर होतं: ‘शंका आली तर शब्द आपल्या मनाने बदलू’. बस्स. तिथे कागदाची कड. खालची ओळ निराळ्याच वाक्याने सुरू.

“नाना, दिवाळीपासून किती पुस्तकं काढली?”

“अकरा. बठ्ठी, सगळीच्या सगळी मोनालीसाठी.”

अकरा पुस्तकं. सात महिने. पोरगी सांगत होती, वाक्य तुटतं, आणि खरंच तुटत होतं. ऐकून घेणाऱ्याने तिच्या हातांना दोष दिला, आणि तिने तो पत्करून उरलेला शब्द रोज स्वतः शोधून काढला.

एक क्षण, आणि हे जीनतला पुढे कधी विसरता आलं नाही, तिच्या मनात आलं की इंग्रजी 34 लिहायला सांगावं, सहाची गाडी धरावी आणि जळगाव गाठावं. कुणाला कळणार होतं? नानांना नाही. ईश्वर सरांना तर मुळीच नाही. मग तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली की ती उठून धावतच बाहेर गेली.

पायरी रिकामी होती.

“चोपडा गाडी साडेचारला,” ईश्वर सर म्हणाले. जीनतने धडाधड सगळं सांगितलं. चूक माझी, तिची नाही, नानांचीही नाही.  “अरे देवा,” एवढंच म्हणाले सर. मग घड्याळाकडे बघितलं. चार वाजून पाच मिनिटं. “ताई, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण नाव दिलं आणि तिथे तिने एक शब्द जरी पदरचा घातला, तर दारातून परत पाठवतील तिला. बरोबर छापलेलं पान तिच्याकडून वाचून घ्या. फोनवर वाचू द्या, मी पुस्तक उघडून बसतो. वाचलं तर नाव देतो.”

जीनतने इंग्रजीत 34 लिहून धडा अकरा पुन्हा काढला. एका पानाला मशीनने जो वेळ घेतला त्यात तिचा जीव अर्धा झाला. पान पिशवीत न घालता, ठिपके दबू नयेत म्हणून दोन्ही हातांवर घेऊन ती रिक्षात बसली. पांझरेच्या पुलावर ट्रॅक्टर आडवा. ती रिक्षावाल्यावर ओरडली, ट्रॅक्टरवाल्यावर ओरडली, आणि मग ओरडायला कुणी उरलं नाही तेव्हा नुसती रडली.

साडेचार वाजून गेले होते, पण चोपडा गाडी उशिराने स्टँडवर लागलेली होती. बाप पेटी आत सरकवत होता.

“मोनाली! थांब. बाबा, थांबा. हे एक पान वाचू द्या तिला.”

“पुरे ना मॅडम आते,” बाप म्हणाला. मंगा त्याचं नाव. “सर सांगी चुकनात, घर लई जा म्हणीसन. किती वेळा ऐकानं?”

“सर चुकले बाबा. मी चुकले. हिला दिलेल्या पुस्तकांत प्रत्येक ओळीचा शेवट छापलाच जात नव्हता. माझ्या प्रोग्रामला आकडा कळत नव्हता आणि तो गप्प बसून भलतंच धरत होता. हिच्या बोटाखाली काही नव्हतंच.”

मोनालीचं तोंड आवाजाच्या दिशेने वळलं. “नव्हतंच?”

“नव्हतं.”

मंगा पेटीवरच बसला. “म्हंजे मन्ही पोर येडी नई ना, मॅडम?” त्याने विचारलं. हेच विचारायला तो सकाळपासून कुणाला तरी शोधत होता.

“नाही बाबा. ती हुशार आहे. तुम्हाला-मला जमलं नसतं ते सात महिने करत होती.”

फलाटाच्या बाकावर मोनालीने पान मांडीवर घेतलं. बोट सरसर चाललं, कुठे अडलं नाही. “शंका आली तर शब्द आपल्या मनाने बदलू शकतो...” आणि खालच्या ओळीवर गेल्याबरोबर थांबलं. “नये? बदलू शकतो नये?”

जीनतने ती ओळ डोळ्यांनी पुन्हा वाचली. आता ओळ पुरी होती, शेवटचा शब्द खाली व्यवस्थित उतरला होता. पण ओळ संपली की एक शब्द मनाचा घालायचा, ही सवय पोरीच्या जिभेला जडली होती. पुढच्या ओळीला तेच, त्याच्या पुढच्या ओळीला तेच. दहा ओळींत सात शब्द. पाचला पंचवीस मिनिटं राहिली होती, आणि जीनतने जे बिघडवलं होतं ते आता कागदावर राहिलं नव्हतं.

“मोनाली, ऐक. आता शब्द शोधू नकोस. बोटाला लागेल तेवढंच बोल. बोटाखाली काही नसेल तर नाही म्हण. वाक्य अर्धं राहिलं तर राहू दे.”

“अर्धं वाचं की सर रागावतस.”

“आता नाही रागावणार.”

ती परत पहिल्या ओळीवर गेली. ओळ संपली की ओठ हलायचे, शब्द तोंडापर्यंत यायचा, आणि ती दातांनी ओठ धरून ठेवायची. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा नाही. गाडीचा हॉर्न वाजला. मंगा उठला, पेटी गाडीतून खाली उतरवली आणि कंडक्टरला हात केला, जा म्हणून. जीनतने फोन लावला आणि मोनालीच्या तोंडापुढे धरला.

“वाच,” फोनमधून ईश्वर सर म्हणाले.

ती वाचायला लागली. संथ, एकेक शब्द दाबून. सहा ओळी, आठ ओळी, बारा. सरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. तेराव्या ओळीत बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं.

“सर, अठे ठिपका दबेल शे. काय शे ते माले सांगता येवाव नई.”

जीनतने वाकून पाहिलं. तिच्याच अंगठ्याने दबला होता, पुलावर.

“थांब जरा,” सर म्हणाले, आणि फोनमधून ते दुसऱ्या कुणाशी तरी अजिजीने बोलत असल्याचा अस्पष्ट आवाज येत राहिला. मग सर म्हणाले, “ताई, फोन तुम्ही कानाला लावा.” तिने लावला. “असाच माणूस हवा असतो हो त्यांना. पण यादी गेली. पावणेपाचला संस्थेतून फोन आला, लगेच पाठवा म्हणाले. तुम्ही मुलीला गाठू शकला नाहीत असं वाटलं मला. आत्ता त्यांना दुसऱ्या फोनवरून विचारलं, हातापाया पडलो. एकदा आलेली यादी बदलत नाहीत म्हणे. पुन्हा जागा कधी निघेल, सांगता येत नाही.”

जीनतने फोन खाली घेतला. मोनाली बोट त्या दबलेल्या ठिपक्यावर ठेवून वाट बघत होती, चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडंसं हसू. आज सांगू नये, उद्या सर सांगतील, असं जीनतला फार वाटलं. फार म्हणजे फारच.

“मोनाली, तू बरोबर वाचलंस. सगळं. पण यादी आधीच गेली. तुझं नाव त्यात नाही.”

मंगाने तोंडाला टापराचं टोक लावलं. मोनालीचं हसू गेलं.  चोपडा गाडी केव्हाच स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली होती, फलाटावर तिघंच उरले होते.

“आते दुसरी गाडी कधी शे, बा?” तिने विचारलं.

“साडेसहाले.”

“मंग बसा ना मॅडम,” मोनाली म्हणाली आणि बोट खालच्या ओळीवर नेलं. “हाई पान माले पुरं वाचू द्या.”