दादा वाटेत होता

दुपारी वाऱ्याने जोर धरला तेव्हाच दादाने फोन करून सांगितलं होतं, "कार्यक्रम रद्द कर. नदीकाठच्या रस्त्यावर पाणी चढतंय."

त्याची धाकटी बहीण लाँड्री चालवायची आणि उरलेल्या वेळात गायकवृंदाला शिकवायची. नाताळचा हा कार्यक्रम म्हणजे तिचा जीव की प्राण. "सभागृह आत्ताच निम्मं भरलंय," ती म्हणाली. "घरात पाणी शिरलं म्हणून लोक पोराबाळांसकट इथे येऊन बसलेत. तू फक्त पुलापलीकडच्या गायकांना घेऊन ये. एवढा घाबरट कधीपासून झालास?"

शेवटचं तिने हसत म्हटलं होतं. दादा हसला नाही. "आणतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

अंधार पडला तरी त्याची गाडी आली नव्हती. फोन लागत नव्हता. छपराचे पत्रे धडधडत होते. वहिनी पहिल्या रांगेत, बायकांच्या उंच स्वरांत गायची. ती सरळ नणंदेसमोर येऊन उभी राहिली.

"हे तुझ्या सांगण्यावरून गेले ना?"

"हो."

"काही म्हणाले?"

"नको म्हणत होता. मीच हट्ट केला."

वहिनीने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "सुरू कर. नुसती दाराकडे बघत बसले तर मला वेड लागेल."

पहिलं गाणं संपतं न संपतं तोच दिवे गेले. लोकांनी टॉर्च लावले, कुणीतरी मेणबत्त्या आणल्या. खालच्या आवाजाचे सगळे पुरुष दादाच्या गाडीत होते. त्यांची बाजू सांभाळायला एकटे दातांचे डॉक्टर उरले, आणि त्यांचा आवाज खाली उतरायचं नाव घेईना. दोन आज्या तोंडाला पदर लावून हसल्या. एरवी तीही हसली असती. आज तिचे हात ताल देत होते आणि कान बाहेर गाडीच्या आवाजाकडे लागले होते. वहिनीची नजर तिच्यावरून क्षणभरही हलत नव्हती.

तिसऱ्या गाण्यात एक पत्रा कडाडून उडाला आणि पाणी थेट पियानोवर आलं. लोकांनी पियानो ढकलत कोपऱ्यात नेला, खुर्च्या कोरड्या बाजूला ओढल्या आणि पुन्हा बसले. उठून गेलं कुणीच नाही. जायचं तरी कुठे?

तेवढ्यात बाजूचं दार उघडलं. गायकवृंदातला बेकरीवाला आत आला, मागोमाग बाकीचे पुरुष. सगळे नखशिखांत भिजलेले. दादा त्यांच्यात नव्हता.

वहिनीचं गाणं थांबलं.

"येतोय, येतोय," बेकरीवाला घाईघाईने म्हणाला. "पुलाअलीकडे गाडी पाण्यात अडकली. ढकलताना त्याचा पाय मुरगळला. आपला प्लंबर त्याला धरून हळूहळू आणतोय. आम्हाला म्हणाला, तुम्ही पुढे व्हा."

वहिनी कुणाचीतरी छत्री उचलून निघून गेली. दादाच्या बहिणीलाही धावत जावंसं वाटलं. पण पुरुष थरथरत आपापल्या जागी उभे राहिले होते आणि सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. तिने हात उचलला. खालचे सूर मिळाले तसं गाणं एकदम भरून आलं, लोक आपणहून उभे राहिले. तिला मात्र त्यातलं काहीच धड ऐकू येत नव्हतं. रस्त्यात पाणी किती असेल, एवढंच डोक्यात घोळत होतं.

गाणं संपलं तशी टाळ्यांकडे पाठ फिरवून ती मागे धावली. सामानाच्या खोलीत दादा बाकावर बसला होता. घोटा सुजून टम्म झालेला, ओठ निळे पडलेले. वहिनी त्याचं डोकं पुसत होती.

बहीण खाली बसली आणि त्याच्या बुटाची नाडी सोडू लागली. ओली गाठ सुटता सुटेना.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"चुकलंच," दादा म्हणाला. "येताना वाटभर तुला काय काय सुनावायचं ते ठरवत होतो. आता दम नाही. उद्या भांडू."

"उद्या भांड."

 वहिनीने नाडी कापायला कात्री आणून नणंदेच्या हातात दिली.