ढिगाची वजावट

गोविंदराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ऑकलंडला लेकीकडे आले, ते हिल्सबरोतल्या घरात भांडी पुसायलाच, असं त्यांना वाटू लागलं होतं. उभा जन्म मातीकामं मोजण्यात गेलेला माणूस! परत जाण्याआधी एकदा तरी लेकीच्या उपयोगी पडावं, एवढीच इच्छा. पण विनिता स्वतःच इंजिनियर, आणि तिच्या साइटवरचे मातीचे ढीग मोजायचा ड्रोन. बापाला विचारतो कोण?

त्या शनिवारी मात्र वाऱ्याने असा काही उच्छाद मांडला की ड्रोन उडेचना. पुकेकोहेच्या साइटवरच्या ढिगात भरावापुरती माती आहे की बाहेरून मागवायची, हे विनिताला दुपारपर्यंत सांगायचं होतं. तिने बाबांना येता का म्हणून विचारलं मात्र, गोविंदराव अर्धा चहा टाकून जँडल्सवरच, म्हणजे पायातल्या रबरी चपलांवरच, निघाले. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी दारात अडवून बूट घालायला लावले.

तिथली तांबडी माती बघून त्यांचा जीव हरखला. फोरमन हेमीने टेपचं दुसरं टोक धरलं आणि गोविंदरावांनी ढिगाची लांबी, रुंदी, उंची घेऊन आकडा सांगितला. विनिताने फोनवर बोटं चालवली आणि तिचा चेहरा उतरला. माती कमी पडत होती. ट्रक मागवावे लागतील, असं ती हेमीला सांगून मोकळी झाली.

गोविंदराव गाडीत बसले खरे, पण चैन पडेना. भरावाला किती माती लागणार ते तिनेच सांगितलं होतं, आणि त्यांच्या हिशोबाने ती पुरून उरत होती. बोलावं, तर लेकीच्या कामात नाक खुपसल्यासारखं. गप्प बसावं, तर फुकटचे ट्रक येणार. शेवटी राहवेना.

"विनू, माझ्या आकड्यातून तू काही कमी केलंस?"

"हो. सैल माती दाबल्यावर बसते ना. पाचवा हिस्सा वजा केला."

"अगं, तो मी आधीच केला होता."

खात्यातली सवयच तशी. वजावट केल्याशिवाय आकडा तोंडाबाहेर काढायचा नाही. आणि विनिताला तरी ती कुणी लावली? शाळेच्या सुट्टीत धरणाच्या कामावर नेऊन याच बापाने! दोघंही पोट धरून हसली.

मग तिने हेमीला फोन करून ट्रक नकोत म्हणून सांगितलं. वारा पडल्यावर ड्रोनने पुन्हा बघायचं का, असं त्याने विचारलं असावं.

"गरज नाही," विनिता इंग्रजीत म्हणाली. "माझ्या वडिलांनी मोजलंय."

गोविंदरावांना एकदम भरून आलं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि सोमवारी साइटवर जायला किती वाजता निघायचं, एवढंच विचारलं.