झिर्कोनियाची कॅप

भागीरथी मामींची दाढेची कॅप दुसऱ्यांदा निघाली ती साधी इडली खाताना. रुमालात गुंडाळून त्या ती विनुताच्या दवाखान्यात घेऊन आल्या.

"शुक्रवारी पापनाशमला जायचंय," त्या म्हणाल्या. "तोवर पक्की कर."

शाळेत विनुताला गणित मामींनीच शिकवलं होतं, आणि मागच्या वेळी ही कॅप तिनंच बसवली होती. त्यामुळे तिला जास्तच लागलं. तिनं कॅप भिंगाखाली धरली. तडा नव्हता. सिमेंट सगळं दाढेवर राहिलेलं, कॅपचं पांढरं, कडक झिर्कोनिया आतून कोरं. म्हणजे सिमेंटनं कॅपच धरली नव्हती.

दाढ साफ करून तिनं कॅप घालून पाहिली. नीट बसली.

"मग लाव की आता."

"नाही मामी. मागे मी तेच केलं. घालून पाहताना लाळ लागते, ती नुसत्या पाण्यानं जात नाही. मग वर काही धरत नाही."

तिनं बारीक पावडरचा हलका फवारा आतून मारला, कॅप धुतली, वाळवली, सिमेंट धरून राहावं म्हणून प्रायमर लावला. त्यानंतर आत बोट लागू दिलं नाही. दाढ कोरडी करून, सिमेंट भरून कॅप बसवली आणि वर कापसाची गुंडाळी ठेवली.

"चावून धरा. बोलायचं नाही."

तेवढ्यात मामींचा फोन वाजला. नाव पाहून त्या लाजल्या, स्पीकर लावून त्यांनी फोन विनुतापुढे केला.

"भागीरथी, वैद्यनाथ बोलतोय."

शाळेतले विज्ञानाचे सर, आता पापनाशमला राहणारे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मामींचे यजमान तर त्याहून आधी गेले.

"सर, मी विनुता. मामींच्या तोंडात कापूस आहे. ऐकतायत."

"बरं झालं. एरवी मला बोलू देत नाही ती." सर घुटमळले. "शुक्रवारी विचारणार होतो, पण धीर आजच आहे. लग्नाचं म्हणतोय मी. तिला सांग, घाई नाही."

मामींचे डोळे भरले, दात मात्र कापसावर घट्ट. त्यांनी मान हलवली.

"मान हलवतायत, सर."

"कशी? आपल्या तंजावूरकडं हो-नाही दोन्हीला मान सारखीच हलते, त्यातनं काही कळत नाही."

"मामी, परत हलवा. जबडा नको, नुसती मान." विनुतानं नीट पाहिलं. "होकार आहे, सर."

"फोन ठेवू नको," सर म्हणाले.

सिमेंट धरल्यावर विनुतानं कापूस काढला. मामींनी लगेच फोन हातात घेतला. "ऐकलं ना? मुलाला मी सांगते. तुम्ही मध्ये बोलू नका."

मुलानं दोन दिवस विचार केला. शुक्रवारी तोच त्यांना मोटारीनं पापनाशमला घेऊन गेला. मामी आता तिथंच राहतात. कॅप जागेवर आहे.