माझ्या तबकडीवर नसलेली खूण

मी एक जुना वजनकाटा आहे, आढ्याच्या कडीला टांगून लहान बाळांचं वजन करणारा. रोहण्याजवळच्या एका गावातल्या अंगणवाडीत मी राहतो. ज्या दुपारची गोष्ट सांगणार आहे, त्या दुपारी मुलं घरी गेली होती. खोलीत धुऊन पालथी घातलेली अठरा ताटं होती, भिंतीवर सात तक्ते होते, गव्हाचं एक पोतं होतं आणि चार माणसं होती: तीन बाया आणि तीन महिन्यांची एक मुलगी.

मित्रांनो, माझ्या पोटात पोलादी स्प्रिंग आहे. बाळ झोळीत बसलं की ती ताणली जाते आणि सुई फिरते. माझ्या तबकडीवर पंचवीस किलोपर्यंत, शंभर-शंभर ग्रॅमच्या अडीचशे खुणा आहेत. इथल्या सेविका तानाबाई मला रोज फडक्याने पुसत. माझ्या झोळीत रडलेली काही पोरं आज पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. मग आकडे दाखवणारा नवा काटा आला आणि मी कपाटामागच्या खिळ्यावर गेलो. तिथे मी चार वर्षं होतो. त्या दुपारी नव्या काट्याचे सेल संपले, म्हणून मला पुन्हा कडीला टांगलं.

झोळीत स्वीटी होती. तिची आई मेघा दाराशी उभी होती. वजन भरलं साडेचार किलो. पंधरा दिवसांपूर्वी नव्या काट्यावरही तेवढंच भरलं होतं.

"काटाच बिघडला असन हा जुनापुराना," मेघाची सासू भागीरथाबाई म्हणाल्या. "पोरगी जड लागते मले हातात."

"असन बी. तपासून पाहू," तानाबाई म्हणाल्या.

भागीरथाबाई रूपरावच्या किराणा दुकानातून एक किलोचं लोखंडी माप घेऊन आल्या. मेघा पहिल्यांदाच माझ्याकडे पाहत होती. मी खोटा ठरलो असतो, तर बाळ वाढत नाही हा तिच्यावरचा ठपका गेला असता. खिळ्यावर चार वर्षं काढल्यावर मलाही माझी खात्री नव्हती. स्वीटीला काढून माप झोळीत ठेवलं आणि सुई बरोबर एकवर थांबली.

"काटा तं बराबर हाये," तानाबाई म्हणाल्या.

"मंग हिच्यातच खोट हाये. दिवसभर भिंतीकडे पाहून राह्यते. पोरगी रडते तं हिले आयकूच येत नाई. आम्ही का लेकरं नाई वाढवली? वावरात जाऊन वाढवली."

तानाबाईंनी माप झोळीतून काढून भागीरथाबाईंच्या हाती दिलं. मग म्हणाल्या, "भागीरथाबाई, स्वीटीले घ्या अन् रूपरावचं माप देऊन येजा बरं. नाई तं तो गिऱ्हाईकाले अंदाजानंच देईन."

त्या गेल्यावर तानाबाई मेघाला घेऊन चटईवर बसल्या. "स्वीटीचं वजन झालं, माय. आता तुयं सांग."

"माह्यं वजन?"

"वजन नाई. तू कशी हायेस?"

माझी रिकामी झोळी अकरा वेळा झुलली, तोपर्यंत मेघा गप्प होती.

"पोरगी रडली का वाटते, कोणीतरी आपलं लेकरू माह्यापाशी ठेवून गेलं," ती म्हणाली. "ते निजली तरी मले झोप नाई येत. जेवाव नाई वाटत. मले तिची मायाच नाई आली, बाई. हे कोणाले सांगू?"

"मले सांगितलं ना आता. बाळंतपणानंतर होते असं काही बायांले. आजार हाये हा, तुयी खोट नाई. इलाज हाये त्याले." मग त्या म्हणाल्या, "मीच तीन महिने निस्ता पोरीचा आकडा लिहून राह्यली."

सातवा तक्ता पोत्याने अर्धा झाकला होता. तानाबाईंनी पोतं सरकवलं. मनाच्या त्रासात बोलण्यासाठीचा सरकारी फोन नंबर त्यावर होता, १४४१६. त्यांनी तो लावला आणि फोन मेघाच्या हातात दिला. पलीकडच्या बाईंनी मेघाचं नीट ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना भेटायला सांगितलं.

तानाबाईंनी ते सांगताच परत आलेल्या भागीरथाबाई दारातच थबकल्या. "पागलाच्या डॉक्टरकडे? गाव काय म्हणन?"

"ताप आला तं नेता ना आर्वीच्या दवाखान्यात? तसंच हाये हे."

भागीरथाबाईंनी मेघाकडे पाहिलं. ती रडत होती, आणि तीन महिन्यांत घरात ती कधीच रडली नव्हती. "निकेशले सांगतो गाडी काढाले," त्या मुलाचं नाव घेऊन म्हणाल्या. "पोरीले मी पाहीन."

औषध सुरू झालं. दर मंगळवारी आर्वीला डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात मेघा औषध सोडायला निघाली होती, तेव्हा तानाबाई तिच्या घरी जाऊन बसल्या. लंगोट धुण्याचं काम भागीरथाबाईंनी घेतलं आणि दुपारी दोन तास मेघाला कोणी उठवायचं नाही असं ठरलं. नव्या काट्याला सेल मिळाले, पण भागीरथाबाई ऐकत नाहीत. "सुईवालाच लावा. त्याची परीक्षा मी घेतली हाये."

मित्रांनो, मला गंजू देऊ नका, एवढं तर मी मागणारच. पण माझ्या अडीचशे खुणांमध्ये आईसाठी एकही नाही, हे लक्षात ठेवा. तुमच्या घरात कोणी गप्प झालं, कोणाचं जेवण सुटलं, तर जवळ बसून विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तुमच्याच मनाला त्रास होत असेल, तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा.

काल स्वीटीला सहा महिने पूर्ण झाले. मेघाने तिला स्वतः झोळीत बसवलं, सुई स्थिर होऊ दिली आणि मोठ्याने वाचलं.

सहा किलो शंभर ग्रॅम.